उसना कान

खामगावात मला व्हायोलिन शिकवणारे सर बाहेर फारसे वाजवायचे नाहीत. आमचे बेसूर गज ऐकण्यातच त्यांची संध्याकाळ जायची. ‘सरांचं करिअर काही झालं नाही,’ असं मी तेव्हा बिनधास्त म्हणायचो.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. तो गेला हे आधी गुरूला कळतं, मग हळूहळू आपल्याला. म्हणजे सुरुवातीचा कान उसनाच. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायकही होते, व्हायोलिनवादकही. श्रीधर पार्सेकर त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आपल्या विदर्भातले उल्हास कशाळकर गाणं. बुवांचं करिअर मोजताना या दोघांना वगळायचं कसं?

शिकवण्यात स्वतःचा रियाज बुडतो, हे खरंच. आता ज्युनिअरचा कोड तपासण्यात माझेही तास जातात, अप्रेझलमध्ये ते दिसत नाहीत. चिडचिड होते. पण मलाही कुणीतरी असाच वेळ दिला होता. तरी, देणारा मागत नाही म्हणून त्याला गृहीत धरायचं का?

इंजिनिअरिंगला निघालो तेव्हा सरांची दोन महिन्यांची फी राहिली होती. त्यांनी कधी मागितली नाही. मीही दिली नाही. या दिवाळीत देणार आहे.