सुखासाठी समुद्रप्रवास आणि धर्म

क्रूझ म्हणजे कुठे पोचण्यासाठी नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठी केलेला समुद्रप्रवास. पूर्वी बोटीने कोकणात जाणारा चाकरमानी गावच्या बंदराला लागला की त्याचा प्रवास संपत असे. क्रूझचा प्रवासी मुंबईच्या बॅलार्ड पिअरला चढतो, गोवा किंवा लक्षद्वीप पाहतो आणि पुष्कळदा चढला तिथेच परत उतरतो. मधले दिवस खाणे, पोहणे, नाचगाणी आणि पाण्याकडे बघत बसणे यांत जातात. 2021 पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर ही सहल पासपोर्टशिवायही करता येते, आणि ती मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली आहे. आईवडिलांची षष्ट्यब्दीपूर्ती किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला की पुण्या-मुंबईचा मुलगा तिकिटे काढून देतो, आणि खान्देशातल्या धरणगाव-एरंडोलकडच्या घरात विचारणा सुरू होते: चारधाम व्हायचे असताना हे कशाला? समुद्रावर जाणे शास्त्राला चालते का? चालत असेल, तर तिथे नेम कसे पाळायचे?

शास्त्राचे उत्तर एका वाक्यात मिळत नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाला माणसाला पतित करणाऱ्या कर्मांत गणले आहे. पण उत्तरेकडील लोकांच्या खास रूढी सांगताना तेच सूत्र समुद्रप्रवासाचाही उल्लेख करते, म्हणजे लोक जात होते. मनुस्मृती समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. व्यवहाराच्या अध्यायात मात्र समुद्रप्रवासाचे जाणकार ठरवतील तो व्याजाचा दर मानावा, असे तिने सांगितले आहे. खरी कडक बंदी पुढे आली, ती कलिवर्ज्यांच्या रूपाने. कलियुगात टाकायच्या गोष्टींच्या या याद्यांत असे वचन आले, की जहाजाने समुद्रावर गेलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही व्यवहारात घेऊ नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 13व्या शतकात चतुर्वर्गचिंतामणीत कलिवर्ज्यांची चर्चा केली. खान्देश तेव्हा त्याच यादवांच्या सत्तेखाली होता. काशीच्या कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु 1612चा, तर पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु 1790चा. या दोन ग्रंथांवरून महाराष्ट्रातले भटजी निर्णय देऊ लागले, तेव्हा कलिवर्ज्यांचा विचार गावोगाव पोचला.

ही बंदी सर्वांसाठी नव्हती, हे विसरले जाते. कोळी, भंडारी, गाबीत यांचा संसारच समुद्रावर चालत होता. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटणे हा त्यांचा धर्म होता. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले आणि 1665 साली ते स्वतः जहाजाने बसरूरच्या मोहिमेवर गेले. 19व्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांनी समुद्र ओलांडला, आणि गणपती-विठ्ठलही सोबत नेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे देवधर्म आजही चालू आहेत. समुद्राने धर्म बुडतो हे विधान या लोकांच्या बाबतीत कधीच खरे ठरले नाही.

धरणगावचा इतिहास या प्रश्नाला आणखी एक बाजू देतो. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या गावात इंग्रजांनी 1674 साली वखार घातली. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी गाव लुटले, आणि 1679 मध्ये पुन्हा लुटले. परदेशी व्यापाऱ्याला इथवर आणले ते इथल्या कापडाने. खान्देशचा माल तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाई आणि तिथून जहाजावर चढे. विणकराच्या हातचे कापड समुद्रापार गेले, त्याचा पैसा गावात आला, त्या पैशातून दानधर्मही झाला असेल. त्याला कोणी विटाळ मानला नाही. बंदी होती ती माणसाच्या जाण्यावर.

मग बंदीच्या मुळाशी भीती होती तरी कशाची? ती आचाराची होती. जहाजावर स्नान, संध्या, सोवळ्यातला स्वयंपाक, पंक्तीचे नियम यांपैकी काहीच धड होत नाही, आणि माणूस महिनोन् महिने आपल्या लोकांच्या नजरेआड राहतो. पेशवे घराण्यातल्या राघोबादादांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला इंग्लंडला पाठवले, तेव्हाची गोष्ट बोलकी आहे. 1781 मध्ये एडमंड बर्क या ब्रिटिश मुत्सद्द्याने हणमंतरावांच्या मंडळींना आपल्या घरी नेले आणि त्यांना स्वतःच्या पद्धतीने शिजवून खाता यावे म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. परक्या मुलखात काचेच्या खोलीत चूल मांडून बसलेले हे लोक नेमाला किती जपत होते, हे त्यावरून दिसते. तरीही परतल्यावर त्यांना सोन्याच्या योनीतून पुनर्जन्माचा विधी करून, दानदक्षिणा देऊन जातीत परत यावे लागले. वचन म्हणत होते की प्रायश्चित्तानेही घेऊ नये. समाजाने मात्र प्रायश्चित्त देऊन घेतले. शास्त्र आणि व्यवहार यांतली ही फट पुढे रुंदावतच गेली.

1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या. त्याआधी त्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून आपण हिंदू म्हणूनच राहू असे जाहीर सांगितले. लोकमान्य टिळक 1918 मध्ये चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या खटल्यासाठी विलायतेला गेले आणि परतल्यावर त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सावरकरांनी तर सिंधुबंदी ही हिंदू समाजाच्या पायांतल्या सात बेड्यांपैकी एक ठरवली. या सर्वांच्या मतांत जमीन-अस्मानाचा फरक होता, पण एक गोष्ट समान होती. प्रत्येकाच्या प्रवासाला काम होते: वकिली, विद्या, न्याय, देशकार्य. समुद्रबंदीविरुद्धचा सगळा युक्तिवाद हेतूच्या बळावर उभा राहिला आणि जिंकला. केवळ मौजेसाठी समुद्रावर जावे, अशी बाजू मांडायची वेळच कोणावर आली नाही.

क्रूझचा खरा धार्मिक प्रश्न इथे सुरू होतो. समुद्रबंदी आज फारसे कोणी पाळत नाही, आणि पाळू नये हेच योग्य. खाऱ्या पाण्याला विटाळ नाही. प्रश्न निव्वळ सुखाचा आहे. काम हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, त्यामुळे सुख घेणे हे पाप नाही. गृहस्थाने आयुष्यभर राबून चार दिवस जोडीदारासोबत निवांत घालवले, तर त्यात खजील होण्यासारखे काही नाही. ज्या बाईने पन्नास वर्षे चूल सांभाळली, तिला तीन दिवस कोणीतरी ताट वाढून देणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण काम हा पुरुषार्थ ठरतो तो धर्माच्या मर्यादेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा भर यज्ञावर आहे: जो फक्त स्वतःसाठी शिजवतो, तो पापच खातो. सुखाची परीक्षा याच कसोटीवर होते. आपल्या सुखाचा भार कोणावर पडतो आणि त्यातला वाटा कोणाला मिळतो, हे पाहायचे असते. धरणगावशेजारच्या अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान मंदिर 1916 साली स्थापन झाले, ते श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दानातून. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी धनिकाने पैसा मोकळा केला, हे खान्देशातले उदाहरण या संदर्भात आठवावे असे आहे.

यात्रा आणि क्रूझ यांतला भेदही याच जागी आहे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि जवळपास महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. त्या वाटेवर खाणारा आणि वाढणारा असे दोन वेगळे वर्ग नसतात. आज जेवलेला वारकरी उद्या पंक्तीत वाढायला उभा राहतो. क्रूझवर हे उलट असते. वरच्या मजल्यांवर पाहुणे, खालच्या मजल्यांवर राबणारे, आणि दोघांमध्ये बंद दारे. म्हणून क्रूझला यात्रेचा पर्याय समजू नये, आणि द्वारका-रामेश्वराचे दर्शन जोडून तिला यात्रेचे नावही देऊ नये. सुखसहल ही सुखसहल म्हणूनच करावी. तीत प्रामाणिकपणा आहे. चारधाम आधी की क्रूझ आधी, याला शास्त्राचा दाखला शोधण्याची गरज नाही. गुडघे चढण चढू शकतात तोवर केदारनाथ उरकून घ्यावे, हा साधा हिशेब पुरे.

खर्चाचा विचार त्यानंतर येतो. जाहिरातीतला आकडा हा पूर्ण खर्च नसतो. बंदराचे शुल्क, सरकारी कर, दर माणशी दर दिवसाची सेवा-बक्षिसी, इंटरनेट, पेये, किनाऱ्यावरच्या फेऱ्या हे सारे बहुधा वेगळे लागते. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त, बाल्कनीची महाग. ज्यांना बोट लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. हप्ते बांधून क्रूझला जाऊ नये. कापसाच्या भावावर वर्ष अवलंबून असलेल्या घरात तर हा विचारच नको. कर्ज डोक्यावर घेऊन भोगलेल्या सुखाचे हप्ते घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतात, आणि ते धर्माला धरून नाही.

खाण्यापिण्याचे नेम पाळणाऱ्यांची सोय आता बरीच आहे. भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. परदेशी जहाजावर ते तिकीट काढतानाच लेखी कळवावे लागते. बुफेत एकच चिमटा कोंबडीच्या भांड्यातून पनीरच्या भांड्यात फिरताना दिसतो, केकमध्ये अंडे असते, थरथरणाऱ्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असू शकते. कडक नेम असलेल्याने पहिल्याच दिवशी मुख्य आचाऱ्याला भेटून ताट वेगळे मागावे. बहुतेक जहाजांवर ते आनंदाने देतात. घरी केलेल्या दशम्या आणि चटण्या चढताना अडवल्या जाण्याचा संभव असतो, म्हणून उपवासासाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की असे बंद पाकिटातले जिन्नस ठेवावेत आणि नियम आधी विचारून घ्यावा.

पूजेच्या बाबतीत एक नियम सगळीकडे सारखा आहे: खोलीत निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचे नाही. जहाजावरच्या आगीतून पळायला जागा नसते. मानसपूजा, नामस्मरण, जप यांना ज्योत लागत नाही, आणि आपल्या परंपरेने त्यांना कमी कधीच मानले नाही. मुंबई-गोवा-लक्षद्वीप फेरीत घड्याळ बदलत नाही, तेव्हा घरचे पंचांग तसेच चालते. लांबच्या प्रवासात जहाजाची वेळ बदलत जाते, आणि नॉर्वेच्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथे संध्या घड्याळावर करावी, एकादशी घरच्या पंचांगाची धरावी. स्वगावी पूर्ण आचार, वाटेत अर्धा, आजाऱ्याला नियम नाही, ही सवलत जुन्या वचनांतच आहे. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

निर्माल्य, नारळ, फुले जहाजावरून समुद्रात टाकू नयेत. जहाजांच्या कचऱ्यासाठी मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार आहे. प्लास्टिक कुठेही टाकता येत नाही. खरकटेसुद्धा किनाऱ्यापासून ठरावीक अंतर सोडूनच टाकता येते, आणि ते काम जहाजाचे आहे, प्रवाशाचे नव्हे. अस्थिविसर्जन करायचे असेल तर कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी. घरी म्हातारे किंवा आजारी माणूस असेल, तर भर समुद्रातून लगेच परतता येत नाही हे जाण्याआधी ध्यानात घ्यावे. दूर असताना दुःखद बातमी आली, तर ती कळल्यापासून उरलेल्या दिवसांचे सुतक धरावे, असे शास्त्र आहे. जहाजावर आहोत म्हणून मन खात बसण्याचे कारण नाही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जहाजावर राबणारी माणसे. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात; तिथल्या कितीतरी घरांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच्या पगारावर उभा राहिला, आणि जहाजाची वाट पाहत ही माणसे मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांमध्ये, राहत असत. आजही क्रूझवरचे कर्मचारी महिनोन् महिने घराबाहेर असतात. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे. भारताने 2015 साली हा करार मान्य केला. किमान इतकीच विश्रांती, यावरूनच कामाचा बोजा कळतो. खोली आवरणाऱ्याचे नाव विचारावे, त्याच्याशी अरे-तुरे करू नये, बुफेत ताटभर वाढून घेऊन अर्धे टाकू नये, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसी त्याच्या हातात द्यावी. पूर्वीच्या लोकांना धास्ती होती की घरच्यांच्या नजरेआड माणसाचा आचार सुटेल. जहाजावर तो सुटतो की टिकतो, हे कर्मचाऱ्यांशी बोलताना आणि खरकट्या ताटात दिसते.

क्रूझला जावे, ऐपतीप्रमाणे जावे, आईवडिलांना अवश्य न्यावे. त्यासाठी प्रायश्चित्त लागत नाही. मुंबईहून निघायचे असेल तर पावसाळा टाळून, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की निघावे.