पंचाने पाहिले नाही तेव्हा

चूक आणि तिची कबुली यांच्यामध्ये थोडासा वेळ असतो. माणसाची खरी परीक्षा त्या वेळात होते. फ्रान्सचा आघाडीचा फुटबॉलपटू थिएरी ऑन्री याच्या आयुष्यातली एक रात्र यासाठी आठवण्यासारखी आहे.

ऑन्री सामान्य खेळाडू नव्हे. १९९८चा विश्वचषक आणि २०००चा युरो चषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघांत तो होता. आर्सेनलसाठी त्याने २२८ गोल केले, फ्रान्ससाठी ५१. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसजवळ आयर्लंडविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता आणि ऑन्री कर्णधार होता. दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत, जादा वेळ सुरू. चेंडू दोनदा त्याच्या डाव्या हाताला लागला, त्याने तो पुढे दिला आणि गालासने डोक्याने गोल केला. स्वीडिश पंच हान्सन यांना हात दिसला नाही. आयरिश खेळाडू ओरडत राहिले. फ्रान्स पात्र ठरला.

सामना संपल्यावर ऑन्री आयरिश बचावपटू रिचर्ड डन याच्याजवळ मैदानातच बसला. चेंडू हाताला लागल्याचे त्याने कबूल केले, पण आपण पंच नाही असेही तो म्हणाला. दोन दिवसांनी त्याने सामना पुन्हा खेळवणे हाच न्याय्य मार्ग असल्याचे सांगितले. फिफाने ते मानले नाही. आयर्लंडच्या संघटनेला फिफाने ५० लाख युरो दिल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. पैसे मिळाले, पण विश्वचषक मिळाला नाही.

‘मी पंच नाही’ हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. प्रत्येकाने आपापले काम करावे, निवाडा पंचाने द्यावा. परंतु पंच कशासाठी असतो? दोघांत मतभेद झाला तर तो मिटवण्यासाठी. ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याच्यापुरता मतभेद उरतच नाही. पंचाचे न पाहणे ही पंचाची चूक झाली. आपले गप्प राहणे ही मात्र आपली निवड असते.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. तो गोल ऑन्रीच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. दहा साथीदारांचे आणि एका देशाचे श्रम आपल्या जमिरापायी देऊन टाकण्याचा हक त्याला होता का? याचे उत्तर आपल्या मुंबईत सापडते. १९८०च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. खुद्द आर्सेनलनेही फेब्रुवारी १९९९ मध्ये, ऑन्री तिथे येण्याच्या काही महिने आधी, अखिलाडू गोलामुळे जिंकलेला चषक सामना शेफील्ड युनायटेडशी पुन्हा खेळून दाखवला होता. साथीदारांचे देणे कर्णधारावर असतेच. पण दुसऱ्याच्या हकाची वस्तू साथीदारांत वाटणे, याला साथ म्हणता येत नाही.

म्हणजे ऑन्री खोटारडा होता का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हात निमिषार्धात लागतो, नियत तेवढ्या वेळात तपासता येत नाही. शिवाय कित्येकजण आयुष्यभर कबुली देत नाहीत. त्याने दिली. फरक इतकाच की शिट्टीनंतरच्या सत्याने त्याचे मन हलके झाले, आयर्लंडच्या हाती मात्र काही आले नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्या उपयोगी पडेल अशा वेळी बोललेले सत्यच इन्साफ करू शकते.

पुढे ऑन्री प्रशिक्षक झाला. मोनॅकोत तो २०१८च्या ऑक्टोबरपासून जेमतेम तीन महिने टिकला. तिथे पत्रकार परिषदेतून उठताना सतरा वर्षांच्या खेळाडूने खुर्ची आत सरकवली नाही, तर ऑन्रीने नुसत्या नजरेने त्याला ती सरकवायला लावली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या तरुण संघाने रौप्यपदक मिळवले.

माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘सर, आता व्हिडिओ आहे, मग सवालच मिटला.’ मैदानातला मिटला असेल. परंतु वर्गात, दुकानाच्या तराजूपाशी, वारसाहक्काच्या वाटणीत कॅमेरा नसतो. खुर्ची जागेवर ठेवण्याची शिस्त नजरेच्या धाकाने लावता येते. कोणाचीही नजर नसताना दुसऱ्याचा हक जागेवर ठेवण्याची शिस्त कशी लावायची, हा प्रशिक्षकापुढचा आणि आम्हा शिक्षकांपुढचाही खरा धडा आहे.