वडिलांची वेदना सोसूं द्यावी काय?



करमाळा तालुक्यांतील केम हें गांव तेथील कुंकवाच्या धंद्यामुळें दूरवर ठाऊक आहे. ह्या गांवांतील एका घराची कल्पना करा. सत्तरी ओलांडलेला बाप अंथरुणास खिळला आहे. पुरुषाच्या मूत्राशयाखालीं जी प्रॉस्टेट नांवाची ग्रंथि असते, तिचा कर्करोग होऊन तो हाडांत उतरला आहे. रोग आतां समूळ जाणार नाहीं, असें डॉक्टरांनीं मुलास सांगितलें आहे. दिवस कसाबसा निघतो; परंतु रात्रीं कंबर व मांड्या ठणकूं लागल्या म्हणजे म्हातारा उपरण्याचा बोळा दांतांत धरून पडतो, कीं घरच्यांची झोंप मोडूं नये. शेजारी म्हणतात, ‘देवानें दिलें आहे, सोसलेंच पाहिजे.’ मुलगा उशाशीं बसून विचार करितो, कीं ही वेदना देवाच्या हातची म्हणून मुकाट्यानें घ्यावी, कीं तिजवर उपाय शोधावा? आणि डॉक्टरांनीं अफूपासून केलेलें औषध दिलें, तर तें बापास पाजणें पाप होईल काय?

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. रोग बरा न होणें व वेदना कमी न होणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ घरीं ह्या दोहोंची गल्लत होते, व ‘आतां उपाय नाहीं’ हे शब्द ऐकून लोक रोग्यास घरीं आणून निजवितात. वास्तविक उपाय पुष्कळ आहेत. इ. स. १९४१ सालीं चार्ल्स हगिन्स ह्या अमेरिकेंतील शल्यवैद्यानें दाखवून दिलें, कीं हा रोग पुरुषाच्या अंडग्रंथींतून निघणाऱ्या रसावर पोसतो, व तो रस थांबविल्यास रोग मागें हटतो आणि पुष्कळांचें हाडांचें दुखणेंही उतरतें. ह्या शोधाबद्दल त्यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो रस आज शस्त्रक्रियेनें किंवा सुयांनीं थांबवितात. पुढें रोग ह्या उपायास जुमानीनासा झाला, तरी दुखऱ्या हाडावर किरणांचा उपचार करितां येतो, व पुष्कळदां एकाच बैठकीनें आराम पडतो. शिवाय १९८६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगाच्या वेदनेसाठीं औषधांच्या पायऱ्या घालून दिल्या. आधीं साधीं वेदनाशामक औषधें, तीं न पुरलीं तर अफूच्या वर्गांतील सौम्य औषध, आणि तेंही न पुरलें तर मॉर्फीन, असा त्यांचा क्रम आहे.

आतां ‘सोसलें पाहिजे’ ह्या वचनाचा विचार करूं. सहनशीलता हा मोठा सद्गुण आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु धीर हा ज्याचा त्यानें धरावयाचा असतो. तो दुसऱ्यापासून सक्तीनें वसूल करावयाचा सारा नव्हे. बापानें आपल्या दुःखांत धीर धरला तर तें त्याचें भूषण होय. मुलानें हात जोडून बसावें व बापास धीराचा उपदेश करावा, तर तें भूषण कोणाचेंच नाहीं. ज्याच्या हाडांत वेदना नाहीं, त्यास सोसण्याची भाषा फार सोपी जाते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत आमच्या प्रभूनें अशाच लोकांस दोष दिला आहे. आईबापांस ज्याचा उपयोग व्हावयाचा, तें ते देवास वाहिलें असें म्हणून मोकळे होत. धर्माचें नांव पुढें करून आईबापांची सेवा टाळणें हें धर्माचेंच उल्लंघन आहे, असें त्यानें ठरविलें. आमच्या जिल्ह्यांत पुंडलिकाची कथा लहान पोरासही ठाऊक आहे. आईबापांच्या सेवेंत असतां त्यानें दारीं आलेल्या देवासही थांबविलें, असें आमचे शेजारी सांगतात. मग आम्हीं देवाचें नांव घेऊन बापास ताटकळत ठेवावें काय?

कोणी म्हणतील, ‘वधस्तंभाजवळ प्रभूस बोळ मिसळलेला द्राक्षारस दिला, तो त्यानें घेतला नाहीं.’ खरें आहे. पण तें त्यानें स्वतःपुरतें केलें. दुसऱ्यांच्या दुखण्यापुढें तो कसा वागला, हें पाहा. कोणाही रोग्यास, तुझें दुखणें तसेंच राहूं दे, असें सांगून त्यानें परत लाविलें नाहीं.

अफूची भीति मात्र खोट्या मनाची नव्हे. व्यसनानें बुडालेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत, व आमच्या मंडळ्यांनीं व्यसनांपासून दूर राहावें हें योग्यच आहे. परंतु सुख लुटण्यासाठीं घेतलेली अफू आणि डॉक्टरांनीं मोजून दिलेलें मॉर्फीन ह्यांचा हेतु एक नाहीं व परिणामही एक नाहीं. कर्करोगाच्या वेदनेसाठीं तें नीट मोजून दिलें असतां व्यसन लागणें विरळा. पहिले कांहीं दिवस गुंगी वाटते, मग ती बहुधा ओसरते. शौचास मात्र अडतें, म्हणून सोबत सारक औषध मागून घ्यावें. मूत्रपिंडें बिघडलीं असल्यास डॉक्टर मात्रा बदलतात. म्हणून आपल्या मनानें मात्रा वाढवूं नये व औषध एकाएकीं बंदही करूं नये. सरकारनें १९८५ सालीं अमली पदार्थांविषयीं कडक कायदा केल्यापासून हें औषध रोग्यांस मिळणें कठीण झालें होतें. ती अडचण दूर व्हावी म्हणून संसदेनें २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली. सारांश, वैद्याच्या हातून वेदनेसाठीं घेतलेलें हें औषध कायद्यानेंही निषिद्ध नाहीं.

मग मुलानें काय करावें? त्यानें बापास विचारावें व त्याचें खरें मानावें. शेताची आणेवारी बांधावर उभें राहून काढितां येते. दुखण्याची आणेवारी ज्याचें दुखणें त्यासच सांगतां येते. सोळा आण्यांपैकीं आज दुखणें किती आणे, व औषध घेतल्यावर किती उरलें, हें रोज विचारून लिहून ठेवावें व डॉक्टरांस दाखवावें. लघवीच्या जागेचें दुखणें म्हातारा सुनेपुढें बोलणार नाहीं. म्हणून मुलानें एकांतीं विचारावें. औषध ठरल्या वेळीं द्यावें. बाप कण्हूं लागेपर्यंत थांबूं नये, कारण पेटलेली गंजी विझविण्यापेक्षां ठिणगी विझविणें सोपें. पायांतील बळ एकाएकीं गेलें, पाय बधिर झाले, किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशीं त्यास इस्पितळांत न्यावें. कण्यावर दाब आला असेल तर उशिरानें पाय कायमचे जातात.

केमच्या लोकांस फार दूर जावयास नको. कुर्डुवाडीवरून बार्शीस जातां येतें. तेथें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळ आहे, व खेड्यांतील कर्करोग्यांची नोंद ठेवण्याचें काम बार्शीस १९८७ सालापासून चाललें आहे. रोग्यास हलवितां येत नसेल, तर मुलानें कागदपत्रें घेऊन जावें, व ‘रोग जाणार नाहीं हें आम्हांस कळलें आहे, वेदनेसाठीं काय देतां येईल?’ असें स्पष्ट विचारावें.

औषधानें सर्व भागतें असेंही नाहीं. लंडन येथें १९६७ सालीं सेंट क्रिस्टोफर हें मरणोन्मुख रोग्यांचें सेवागृह काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स बाईंनीं असें दाखविलें, कीं अशा माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराची व आत्म्याची चिंता तिच्यांत मिसळलेली असते. तसेंच एक सेवागृह मुंबईंत वांद्रें येथें शांति अवेदना सदन ह्या नांवानें १९८६ सालीं निघालें. सोसायटीचें कर्ज, भावाशीं तुटलेलें बोलणें, धाकटीचें राहिलेलें लग्न, हीं रात्रीं हाडांहून अधिक ठणकतात. तीं ऐकून घेणें हें काम मुलाचें, व मंडळीचेंही आहे. रात्रीं जागणाऱ्या सुनेस व मुलास एक रात्र तरी झोंप मिळावी म्हणून मंडळींतील दोघांनीं पाळी घ्यावी.

आमच्या उपदेशक बंधूंस शेवटीं एवढीच विनंति आहे. अशा घरीं गेल्यावर एकदम प्रार्थनेस आरंभ करूं नका. आधीं खाटेजवळ बसा आणि विचारा, ‘आबा, रात्रीं झोंप लागली का?’ ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर प्रार्थना अवश्य करा. पण त्यानंतर मुलास बाहेर बोलावून बार्शीस कोणत्या दिवशीं जावयाचें, हें ठरविल्यावांचून त्या घराचा उंबरठा ओलांडूं नका.