पस्तावा आणि पश्चात्ताप

आपल्या नित्याच्या बोलण्यात पस्तावा व पश्चात्ताप हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थाने येतात. मुळात ती एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. शास्त्र्यांच्या तोंडी जो पश्चात्ताप, तोच शेतकऱ्याच्या तोंडी घासून पस्तावा झाला. दोहोंचा अर्थ मागाहून होणारा ताप, म्हणजे कर्म घडून गेल्यावर मनाची होणारी जळजळ. पेरणीची वेळ टळली म्हणजे कुणबी पस्तावतो. चांगला बैल कमी किमतीस विकला म्हणजे पस्तावतो. अशा पस्ताव्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. परंतु उपदेशक जेव्हा पश्चात्ताप करण्यास सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने जर मनाला वाईट वाटून घेणे एवढाच अर्थ घेतला, तर तो सुवार्तेच्या दारापर्यंत येऊन उंबऱ्यावरच बसून राहील. म्हणून ह्या विषयाचा थोडा बारकाईने विचार करू.

नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तीत ह्या कामी दोन निरनिराळे शब्द आहेत. एक मेटामेलोमाइ, म्हणजे मागाहून खंत वाटणे. दुसरा मेटानोइया, म्हणजे मनच पालटणे. ज्या बुद्धीने मनुष्य देवाकडे, पापाकडे व स्वतःकडे पाहतो, ती बुद्धी दुसरी होणे. पहिला शब्द नव्या करारात अवघा सहा वेळा आला आहे. बाप्तिस्मा करणारा योहान, आपला प्रभू आणि प्रेषित ह्यांनी लोकांस जी आज्ञा केली ती मात्र दुसऱ्या शब्दाने केली. आपला मराठी शब्द घडणीने पहिल्याच्या जवळचा आहे, आणि आपण त्याच्यावर दुसऱ्याचे ओझे घातले आहे. ह्यात शब्दाचा दोष नाही. पण तो उच्चारताना त्यात कोणता अर्थ भरावयाचा, हे उपदेशकास ठाऊक असले पाहिजे.

आता यहूदा इस्कर्योताची गोष्ट पाहा (मत्तय २७:३-५). तेथे पहिला शब्द आहे. यहूदाने काय केले नाही? त्याला खंत वाटली. आपण निर्दोष मनुष्याला धरून देऊन पाप केले, असे त्याने उघड कबूल केले. पापाची कमाई, ती तीस नाणी, त्याने परत नेऊन मंदिरात फेकली. दुःख, कबुली आणि भरपाई, ही तिन्ही त्याच्या ठायी होती. आपल्या मंडळीतील एखाद्याने इतके केले तर आपण त्याला खरा अनुतापी म्हणू. मग उणे काय राहिले? तो गेला कोणाकडे, हे पाहा. तो याजकांकडे गेला, आणि त्यांनी त्याचे त्याच्यावर सोपवून त्याला वाटेस लावले. ज्याचा अपराध केला त्या प्रभूकडे तो गेला नाही. त्याचे मन पापाकडून फिरले, पण देवाकडे वळले नाही. ते आपल्याच अपराधाभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले, आणि शेवटी तो गळफासाकडे गेला.

त्याच रात्री पेत्रानेही प्रभूला नाकारले, आणि एकदा नव्हे, तीनदा. तोही बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला (लूक २२:६१-६२). आश्चर्य असे, की पेत्राच्या रडण्याच्या गोष्टीत वरील दोहोंपैकी एकही शब्द नाही. मात्र त्याच्या पतनापूर्वी प्रभूने त्याला, तू वळलास म्हणजे आपल्या भावांस स्थिर कर, अशा अर्थाची आज्ञा दिली होती (लूक २२:३२). तेथे वळणे हा शब्द आहे. आणि लूक हेही सांगतो, की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले. आधी प्रभू वळला, मग पेत्र वळला. पुढे पन्नासाव्या दिवशी मेटानोइयाची आज्ञा लोकांस सांगणारा तोच पेत्र होता (प्रेषित २:३८).

मग पस्तावा निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणेही चूक होईल. दोन मुलांच्या दाखल्यात, द्राक्षमळ्यात जाण्यास आधी नाही म्हणणारा मुलगा मागाहून पस्तावला आणि गेला (मत्तय २१:२९). तेथे यहूदाविषयी वापरलेलाच शब्द आहे. तेव्हा खंत ही फाट्यावरची जागा आहे. तेथून एक वाट मळ्याकडे जाते व दुसरी गळफासाकडे. आपण चुकीच्या वाटेने चाललो हे गाडीवानाला कळले आणि तो जू धरून रडत बसला, तर रात्र तेथेच होईल. त्याने बैल वळवले पाहिजेत. पण चूक कळलीच नाही, तर तो बैल तरी कशाला वळवील? प्रेषित पौलाने हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणले आहेत (२ करिंथ ७:१०). त्याच्या म्हणण्याचा भाव असा, की देवाच्या इच्छेप्रमाणे झालेले दुःख मनाचा असा पालट घडवते, की त्याचा पस्तावा कधी होत नाही. जगाचे दुःख मात्र मरण आणते.

हा घोटाळा केवळ आपल्याच भाषेत झाला असे नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरोमाने लॅटिन भाषांतर केले, तेव्हा योहानाच्या उपदेशास व यहूदाच्या खंतीस त्याने एकच शब्द योजला. त्या शब्दाने मंडळीने नेमून दिलेले प्रायश्चित्तही समजले जाई. म्हणून पश्चात्ताप करा हे वचन, प्रायश्चित्त घ्या असेही ऐकू येऊ लागले. १५१७ साली मार्टिन लूथरने जे पंचाण्णव मुद्दे मांडले, त्यांतील पहिलाच ह्याविषयी आहे: विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा आशय आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कळल्यावर आपल्याला केवढा प्रकाश मिळाला, हे त्याने १५१८ साली आपल्या वडील गुरूस, स्टाउपित्स ह्यांस, पत्राने कळवले. आपल्या देशातही प्रायश्चित्ताची कल्पना जुनी आहे: दोष घडला, विधी केला, दंड दिला, दोष फिटला. नव्या विश्वासणाऱ्याच्या मनात ती सहज शिल्लक राहते. मग तो सभेत रडणे हाच विधी समजतो, आणि रडून झाले म्हणजे हिशेब चुकता झाला असे मानून घरी जातो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, कोणी मंडळीपुढे रडला तर त्याचे अश्रू तुच्छ मानू नका, आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही म्हणून त्याचे मन कठीण आहे असेही ठरवू नका. एसाव अश्रू गाळून आशीर्वाद मागत असताही त्याला पालटास जागा सापडली नाही (इब्री १२:१७). जक्कय रडल्याचे लूक सांगत नाही, पण त्याने अर्धी मालमत्ता गरिबांस आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परत देण्याचे पत्करले. योहानाकडे लोक आले तेव्हा त्याने ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलेच फळ मागितले: दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये, शिपायाने आपल्या पगारात तृप्त असावे (लूक ३:११-१४). तसेच आपणही विचारावे. खोटे माप वापरणाऱ्याने माप बदलले काय? बायकोला मारणाऱ्याचा हात थांबला काय? भावाची बांधाची जमीन दाबणाऱ्याने ती सोडली काय?

आणि जो पुन्हा पुन्हा पडला आहे, व आता आपल्याला तोंड दाखवण्यास जागा नाही असे मानून दूर बसला आहे, त्यालाही हाच भेद सांगा. किती रडलास, असे प्रभू विचारत नाही. यहूदाचे पाप पेत्राच्या पापाहून मोठे होते म्हणून तो बुडाला, असे शास्त्र कोठे सांगत नाही. त्याने वाट चुकवली. ज्याच्याकडे वळावयाचे तो आपल्याआधीच वळून आपल्याकडे पाहत आहे. तेव्हा फाट्यावर बसून राहू नका. उठा आणि वळा.