सड्यावरील फुले व रिकामी कणगी

(वाचावे : मत्तय ६:२५-३४)



भाद्रपद सरत आला म्हणजे सह्याद्रीचे रूप पालटते. डोंगरास वेढून बसलेले धुके विरळ होते, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते, आणि उतारावरील नाचणी व वरी कणसांत येऊ लागतात. साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. या दिवसांत तेथे गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी व पांढरे गेंद दृष्टी पोहोचेल तेथवर फुललेले असतात. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून गणली गेली, त्यांत हे पठारही आहे.

दूरदूरचे लोक ही शोभा पाहावयास येतात. परंतु डोंगरकपारीत राहणारे आमचे पुष्कळ बांधव म्हणतात, "ही मौज ज्याच्या घरी धान्य आहे त्याची. आमची कणगी रिकामी, पीक अजून शेतात, सावकाराचा तगादा दारात. आम्ही फुले काय पाहावी?" हे बोलणे खोटे नाही, व उपदेशकाने ते हसण्यावारी नेऊ नये. तथापि रानफुलांकडे पाहावयास प्रभूने कोणास सांगितले, याचा विचार करा. अन्नवस्त्राच्या काळजीने ज्यांचे मन पोखरले होते, त्यांसच त्याने हे सांगितले. म्हणजे ही आज्ञा विशेषेकरून रिकाम्या कणगीच्या घरासाठी आहे.

आता त्या सड्याची जमीन पाहा. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर. मोठे झाड तेथे मूळ धरीत नाही. मातीत कस इतका थोडा की, लोक जिला सीतेची आसवे म्हणतात ती लहानशी वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत धरून पोषण मिळविते. अशा दरिद्री भूमीस देवाने असे वैभव दिले आहे! थोड्याच आठवड्यांत ओल आटते व पठार पिवळे पडते. परंतु तोवर बी मातीत पडलेले असते. कारवी तर वर्षानुवर्षे नुसती पानेच दाखविते. सुमारे सात वर्षांनी एकदाच फुलते, बी देते व मरते. ज्या उपदेशक बंधूस एकाच गावी पाच-सहा वर्षे श्रम करूनही फळ दिसले नाही, त्याने कारवीच्या रानात जाऊन बसावे.

फुले पाहिल्याने कर्ज फिटत नाही, हे आम्ही जाणतो. पण चिंतेने तरी ते कोठे फिटते? चिंता झोप नेते व हातांचे बळ नेते. देवाच्या कृतीत आनंद मानणारा मनुष्य पीक घरी येण्यापूर्वीच उपकारस्तुती करू लागतो. आणि उपकारस्तुती करणाऱ्याची मूठ शेजाऱ्यासाठी सैल होते.

यास्तव येत्या रविवारी भक्ती आटोपल्यावर मंडळीने मुलाबाळांसह जवळच्या डोंगरावर जावे. पायवाट सोडू नये, फुले तोडू नयेत. त्यांचे बी पुढील वर्षाचे आहे. आणि ज्याच्या घरी धान्य आहे त्याने पायलीभर धान्य ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे गुपचूप पोहोचवावे. फुलांस पेहराव देवाने स्वतः चढविला. शेजाऱ्याची भूक त्याने आपल्या हाती सोपविली आहे.

असा आनंद व असे अंतःकरण प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.