हसण्याचे गुण

धारवाडच्या सुभाष रोडवर आमचे बिऱ्हाड आहे. खाली कापडाचे दुकान, वर आम्ही. संध्याकाळी गॅलरीत उभे राहिले की खालून कन्नड वर येते, घरातून मराठी बाहेर जाते आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिंदी चाललेली असते. याच रस्त्यावर लक्ष्मी भवनात मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध अट्टा. जी. बी. जोशी आणि कीर्तिनाथ कुर्तकोटी तिथे बसत, आणि गिरीश कार्नाडांचे 'ययाती' १९६१ साली तिथूनच छापून बाहेर पडले. कुणाचे लिखाण चांगले आणि कुणाचे टाकाऊ, याचा निवाडा करणारी माणसे आमच्या रस्त्याला नवी नाहीत. मी मात्र त्या पंगतीतला नव्हे. मी शाळामास्तर. तीस वर्षे पेपर तपासले, गुण दिले, गुण कापले, आणि निवृत्त झाल्यावर टीव्हीपुढे बसून तेच करू लागलो.

२००५ साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झाले तेव्हाची गोष्ट वाचकांना आठवत असेल. एकेकट्याने माईकसमोर उभे राहायचे आणि लोकांना हसवायचे. समोर नवज्योतसिंग सिद्धू आणि शेखर सुमन परीक्षक. आमच्या घरात तेव्हा दोन तट पडले. थोरल्याचा जीव राजू श्रीवास्तवच्या गजोधरभैयावर. आमच्या सौभाग्यवतींना एहसान कुरेशीचे ते सावकाश, ओढत ओढत बोलणे आवडे. अखेर पहिला आला सुनील पाल, आणि आपल्या महाराष्ट्रातला म्हणून आम्ही पेढे खाल्ले. पेढे काय, धारवाडात निमित्तच लागते. थोरला मात्र चार दिवस धुसफुसत होता. राजू श्रीवास्तव २०२२च्या सप्टेंबरात गेले, त्या रात्री त्याने मला बंगळूरहून फोन करून पुन्हा तोच विषय काढला. सतरा वर्षे झाली तरी निकाल त्याला मान्य नाही!

पण स्पर्धकांपेक्षा जास्त वाद व्हायचा तो परीक्षकांवरून. सिद्धूंचे ते गडगडाटी हसणे. आमच्या आईला ते मुळीच खपत नसे. "मेल्याला हसायचे पैसे देतात," म्हणायची. पुढे मराठीत 'फू बाई फू' आले, 'हास्यजत्रा' आली, कन्नडमध्ये २०१६ साली 'कॉमेडी खिलाडिगळू' आले, जग्गेश, योगराज भट आणि रक्षिता यांच्यासमोर. भाषा बदलली तरी प्रेक्षकांची तक्रार तीच राहिली : परीक्षक उगाच हसतात. मला या तक्रारीची गंमत वाटते. परीक्षक खोटे हसतो याचा आपल्याला राग येतो, म्हणजे हसणे खरे असले पाहिजे अशी आपली धारणा आहे. खरे म्हणजे काय? तर आपोआप आलेले. मग आपोआप आलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाची? शिंक आली म्हणून कुणी कुणाला पापी म्हणत नाही. हसू आले, तर म्हणावे का?

हा प्रश्न मला आमच्या सुनेने घातला, तोही न विचारता. ती गदगकडची, माहेरी शुद्ध कन्नड. लग्नानंतर मराठी शिकली. एका मराठी कार्यक्रमात कर्नाटकातल्या बाईचे पात्र आले, आणि ती बाई दर वाक्यात लिंगांचा घोळ घालत होती. चहा झाली, भिंत पडला, असले. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. सूनही हसत होती. मग ती उठून पाणी आणायला गेली आणि जाता जाता सहज म्हणाली, "मामा, त्या बाईनं चार चुका केल्या हो. मी दिवसाला चाळीस करते."

रागाने नव्हे. पण माझे हसू तिथेच थांबले. त्या चुका मूर्खपणाच्या नाहीत, हे मास्तर म्हणून मला ठाऊक असायला हवे होते. कन्नडमध्ये पुरुष तो पुल्लिंगी, बाई ती स्त्रीलिंगी, आणि निर्जीव वस्तू झाडून साऱ्या नपुंसकलिंगी. किती सरळ! आपल्याकडे दरवाजा पुरुष, भिंत बाई आणि ज्याला दोन्ही आहेत ते घर नपुंसक. याला काही कारण आहे का? ती पोर जिथे अडखळते तिथे आपल्याच व्याकरणात खड्डा आहे, आणि खड्डा आपला असून हसतो आपण तिला. उलट बंगळूरच्या कन्नड कार्यक्रमांत आपल्या धारवाडी कन्नडची नक्कल सुरू झाली की आम्हीच तडकतो. तेव्हा नाही म्हणत, हसण्यावारी न्या.

कुणी म्हणेल, मग पु. लं.च्या 'रावसाहेबां'चे काय? ते बेळगावचे, आणि त्यांच्या मराठीतही कानडीचा सारा साज आहे. पु. ल. बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत होते, त्यामुळे ते बोलणे त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेले. सुनेला मी मुद्दाम 'रावसाहेब' ऐकवले. ती हसली आणि शेवटी डोळे पुसले. एकदाही उठून गेली नाही. तेव्हा मी मनाशी एक नियम बांधला : ज्याच्यावर आपली माया आहे त्याला हसावे, इतरांना हसू नये. नियम मला फार आवडला. मास्तर लोकांना नियम आवडतातच. तो पुढे कसा मोडला ते सांगतो.

त्याआधी थोडे दूर जाऊन येऊ. विनोदाच्या स्पर्धा ही टीव्हीची करणी नव्हे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये देवाच्या उत्सवात विनोदी नाटकांची स्पर्धा होत असे. दहा जमातींतून एकेक असे दहा परीक्षक, आणि त्यांच्या दहा मतांपैकी पाचच चिठ्ठ्या उचलून निकाल लावायचा, म्हणजे लाच द्यायची तर कुणाला द्यावी हेच कळू नये. ॲरिस्टोफेनिस या नाटककाराने ख्रि. पू. ४२४ मध्ये क्रॅटिनस नावाच्या म्हाताऱ्या नाटककाराची, हा आता दारूत बुडालेला, संपलेला गडी म्हणून भर रंगमंचावर टिंगल केली. पुढच्याच वर्षी त्या म्हाताऱ्याने स्वतःच्याच दारूबाजीवर नाटक लिहिले आणि पहिला आला. ॲरिस्टोफेनिस तिसरा! नंतर नाटकाची नवी प्रत करताना त्याने प्रेक्षकांनाच फटकारले. स्पर्धक, परीक्षक आणि प्रेक्षक यांची ही भांडणे अडीच हजार वर्षांची आहेत. आमच्या थोरल्याने सतरा वर्षे धरून ठेवले, त्याचे काय एवढे.

पण त्या तिसऱ्या आलेल्या नाटकात एक गोष्ट होती. त्यात सॉक्रेटिसाला टोपलीत बसवून अधांतरी लोंबकळवला होता आणि तो भलतेसलते ज्ञान सांगत होता. आख्यायिका अशी की प्रत्यक्ष सॉक्रेटिस प्रेक्षकांत होता. परगावचे लोक विचारू लागले, हा सॉक्रेटिस कोण? तेव्हा तो उठून उभा राहिला आणि नाटक संपेपर्यंत काही न बोलता तसाच उभा राहिला. लोकांनी याला त्याच्या मनाचा मोठेपणा म्हटले. पण चोवीस वर्षांनी, ख्रि. पू. ३९९ मध्ये, त्याच्यावर खटला चालला. प्लेटोने लिहिले आहे की आपल्या बचावात सॉक्रेटिसाने या नाटकाचाच उल्लेख केला. आज माझ्यावर आरोप करणारे नवे आहेत, म्हणाला, पण तुमचे मन कलुषित करणारे जुने आहेत, आणि त्यांतला एक विनोदी नाटककार. म्हणजे उभा राहिला होता, पण विसरला नव्हता.

आपल्याकडे भरतमुनींनी हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. स्मितापासून सुरुवात, आणि अंग गदगदा हलवणारे, डोळ्यांतून पाणी काढणारे अतिहसित सर्वांत खालच्या पायरीवर. आजचे कार्यक्रम सारे तिथेच राहायला गेले आहेत. पण त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते प्रयोगाच्या सिद्धीविषयी त्यांनी लिहिलेले. प्रेक्षक हसले, वाहवा केली, अंगावरची वस्त्रे फेकली, ही मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागार भरलेले असून कसला आवाज नाही, गडबड नाही, ती दैवी सिद्धी. प्रयोगाचे गुणदोष ठरवायला त्यांनी प्राश्निक नेमायला सांगितले, आणि त्यांत व्याकरण जाणणारा आहे, तसाच चित्रकार आहे, धनुर्धर आहे, गणिका आहे. ज्याला जे कळते त्याने ते तपासावे, हा त्यातला हिशेब. हे मी वाचले होते. वाचलेले वेळेवर आठवत नाही, ही आमची जुनी अडचण.

आता त्या नियमाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गणेश मंडळाने हास्यस्पर्धा ठेवली. परीक्षक दोघे : मराठीचा मी, आणि कन्नड शाळेचे एक निवृत्त हेडमास्तर. वीसपैकी गुण. सातआठ पोरांची ठरावीक विनोदांची उजळणी झाल्यावर एक मुलगा आला, कॉलेजातला. त्याने गळ्यात टेप टाकला, कानावर खडू लावला आणि तोंड उघडताच सगळा मंडप ओळखला. आमच्या गल्लीतले टेलरमामा. ते बोलताना अडखळतात, लहानपणापासून. मुलाने त्यांचे माप घेणे, अडखळणे, शब्द अडला की कात्री हवेत धरून थांबणे असे काही उभे केले की लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सर्वांत खालची पायरी.

टेलरमामा तिसऱ्या रांगेत होते, मांडीवर सहासात वर्षांची नात. मी वळून पाहिले. तेही हसत होते. माझ्या मनावरचे ओझे उतरले आणि मी वीसपैकी अठरा दिले. हेडमास्तरांनी दिले सहा.

बेरजेच्या वेळी आमची जुंपली. मी म्हटले, अहो, हा मुलगा मामांच्या दुकानात वाढलाय, त्याची माया आहे त्यांच्यावर. शिवाय खुद्द मामा हसले. तुम्ही का तोंड वाकडे केले? ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, नगू बंतंत मार्क कोडबेकेन्री?" हसू आले म्हणून गुण द्यायचे काय? मला उत्तर सुचले नाही. हसू माझ्या हाती नव्हते हे कबूल. पण अठरा हा आकडा माझ्या हाताने लिहिलेला होता. शाईच्या पेनने. चोवीस बेरीज झाली आणि मुलाला दुसरे बक्षीस मिळाले.

पंधरा दिवस मी टेलरमामांच्या दुकानावरून गेलो नाही. पलीकडच्या बोळातून जायचो. मग एक दिवस जुना कोट उसवायचे निमित्त काढून गेलो. इकडचे तिकडचे झाल्यावर मी विषय काढला. मामा, त्या दिवशी तुम्ही हसलात म्हणून मला बरे वाटले.

त्यांनी मशीन थांबवले. "मास्तर, नात बघत होती ना माझ्याकडं. सगळे हसतात आणि आजोबा हसत न्हाईत, असं झालं असतं तर तिला क-क-कळलं असतं." मग थोडे थांबून, "आता काय ते तिला ठाऊक न्हाई. आजोबा असेच बोलतात, एवढंच."

मी कोटाच्या बाहीकडे पाहत राहिलो. मंडपातल्या दीडदोनशे माणसांत एकच माणूस काम म्हणून हसत होता, आणि त्याच्या हसण्यावर विसंबून मी अठरा गुण दिले होते. सिद्धूंना नावे ठेवणारी आमची आई आठवली. आणि त्या मुलाची मामांवर माया नव्हती असेही नाही. होती. अजून दिवाळीला त्यांच्या पाया पडायला येतो.

"त्या पोराला तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारले.

"बोललो की. बोलवून घेतला. म्हटलं, तुझं सगळं बरोबर होतं रे, कात्री बरोबर, खडू बरोबर. पण तू 'म'वर अडलास. मी 'म'वर अडत न्हाई. मी 'क'वर अडतो." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही कापायला पाहिजे होते त्याचे दोन मार्क. तुमच्या ध्यानात आलं न्हाई?"

मला आले नव्हते. तीस वर्षे मी त्यांच्याकडे कपडे शिवत होतो. मी कोट तिथेच ठेवला. त्यांनी टेप काढून पुन्हा माप घेतले, म्हणाले, खांद्यात थोडा बसलाय तुम्ही, आणि आकडा सांगताना अडले. मी तो आकडा पुढे होऊन पुरा केला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनीच सांगितला.