सुट्टी कोणत्या देवाची?

शिमग्याला महाड-पोलादपूरकडच्या दुकानातला माणूस पालखीसाठी गावी जातो. त्या दिवसाचा पगार मालकाचं दान, की माणसाचा हक्क?

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी खंडोबाचा वार पुढे केला. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली. श्रद्धेतून मागितलेली सुट्टी सर्वधर्मीयांची झाली.

महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत आठ भरपगारी सणसुट्ट्या देतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून निवडायच्या. गणपती, ईद, की चवदार तळे सत्याग्रहाचा २० मार्च?

वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला सणसुट्ट्यांचं हे कलम लागू नाही. तिथे खाडा मांडायचा की पगार द्यायचा, हे बहुधा मालकच ठरवतो.